साइट हलवली की मराठी का मोडते

होस्टिंग बदललं, ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर आलात किंवा वर्डप्रेसला कंटाळून साध्या एचटीएमएल फायलींवर गेलात, की आठवड्याभरात हा फोन ठरलेला. “दादा, साइट उघडायलीय, पण मराठी नुसतं गिचमिड दिसायलंय.” फोटो शाबूत, इंग्रजी शाबूत, मेनूचे रंगसुद्धा शाबूत. मराठी तेवढी गेलेली. कसंबसं निस्तरतं. चार-पाच वर्षांनी पुन्हा जागा बदलायची वेळ येते आणि पुन्हा तोच फोन.

अंबाजोगाई, परभणी, लातूर या पट्ट्यात बारवा, हेमाडपंती देवळं, वीरगळ, गावोगावच्या जत्रा यांच्या नोंदी ठेवणाऱ्या हौशी साइट बऱ्याच आहेत. मालक कुणी शिक्षक, कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी शेती सांभाळून फिरणारा. बहुतेकांची सुरुवात फुकटच्या जागेवर झाली आणि नंतर दोन-तीन मुक्काम झाले. खाली लिहिलंय ते अशा साइटींची डागडुजी करताना पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या दुखण्यांबद्दल.

नव्या होस्टिंगवाल्याशी भांडायला जाण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. मजकूर बहुतेक वेळा नव्या जागी मोडलेला नसतो. तो जुन्या जागीच चुकीच्या पद्धतीने साठवलेला असतो, आणि तिथली दुसरी चूक पहिलीवर पांघरूण घालत असते. नवी जागा नीट वागते म्हणून जुनं पितळ उघडं पडतं. त्यामुळे ‘दुरुस्त कसं करू’ हा प्रश्न नंतरचा. ‘अक्षर नेमकं कुठल्या टप्प्यावर मोडलं’ हा आधीचा. ते कळेपर्यंत डेटाबेसला हात लावू नका, प्लगइन टाकून बघू नका, आणि नवा लेख तर अजिबात लिहू नका. का, ते पुढे येईल. जुन्या जागेचा डेटाबेस आणि फायली यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, आणि मग पडद्यावर काय दिसतंय ते नीट बघा. बिघाडाचं रूपच त्याचं कारण सांगतं.

तिरकी रेघ, चलनचिन्ह आणि येन

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्यामागे चारी कोपऱ्यांना दांड्या फुटलेलं गोल चलनचिन्ह किंवा जपानी येन, मग आणखी एखादं चिन्ह, परत तोच ए, अशी रांगच्या रांग दिसत असेल तर जीव भांड्यात पडू द्या. दिसायला हा बिघाड सगळ्यात भयानक, पण पूर्ण परत फिरणारा हाच.

संगणक प्रत्येक चिन्ह बाइटमध्ये, म्हणजे आकड्यांत साठवतो, आणि कुठला आकडा म्हणजे कुठलं चिन्ह हे एका तक्त्यावरून ठरतं. यूटीएफ-८ या युनिकोडच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पहिला बाइट सगळ्यांचा सारखा, म्हणून तो ए सारखा दिसत राहतो. दुसरा दोनपैकी एक असतो. स्वर, व्यंजनं, अनुस्वार, काना आणि पहिली वेलांटी यांच्या वाट्याला चलनचिन्ह येतं. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडायची खूण यांच्या वाट्याला येन. ‘बीड’ हा शब्द बिघडला की तीन त्रिकूटं दिसतात आणि मधल्यात येन असतो, कारण मधे दुसरी वेलांटी आहे. एवढी शिस्त दिसली म्हणजे बाइट सगळे जागेवर आहेत, फक्त वाचणारा चुकीच्या तक्त्याने वाचतोय.

हे होतं कसं? वर्डप्रेसचा मजकूर मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये असतो. त्याची आठवी आवृत्ती २०१८ मध्ये आली तोवर त्याचा ठरीव तक्ता लॅटिन-१ होता, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांचा. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फायलीत तक्ता सांगायची सोय २००७ च्या आसपास, २.२ आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या साइटी, आणि नंतरच्याही बऱ्याच, अशा चालायच्या: वर्डप्रेस यूटीएफ-८ चे बाइट पाठवायचं, वर्डप्रेस आणि डेटाबेस यांमधली जोडणी म्हणायची हे लॅटिन-१ आहे, टेबल म्हणायचं मीही लॅटिन-१, ठेव जसंच्या तसं. वाचतानाही तेच उलट्या दिशेने. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकायच्या आणि पानावर शुद्ध मराठी दिसायची. नव्या होस्टिंगवर जोडणी खरं बोलते, ‘मला यूटीएफ-८ हवं’ म्हणते. सर्व्हर इमानदारीत लॅटिन-१ चं रूपांतर करून देतो, आणि झालं.

खात्री करायची तर पीएचपी-मायॲडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस उघडायचं अवजार) एखाद्या छोट्या शीर्षकावर कॅर-लेंग्थ आणि लेंग्थ ही दोन फंक्शनं चालवा. पहिलं चिन्हं मोजतं, दुसरं बाइट. ‘बीड’ नीट साठवलेलं असेल तर ३ आणि ९ येईल. ९ आणि ९ आलं तर टेबल लॅटिन-१ आहे आणि आत यूटीएफ-८ कोंबलंय. चिन्हं ९ आणि बाइट त्याहून बरेच जास्त आले तर कुणीतरी आधीच एकदा ‘दुरुस्ती’ करून गेलंय, आणि ते गिचमिड आता खरोखरचं गिचमिड म्हणून साठवलं गेलंय.

जुनी जागा अजून चालू असेल तर उपाय सरळ आहे. डेटाबेसची प्रत काढणारी मायएसक्यूएल-डंप ही आज्ञा चालवताना ठरीव तक्ता लॅटिन-१ सांगायचा आणि तक्त्याची घोषणा फायलीत लिहू नको असंही सांगायचं. म्हणजे बाइट जसेच्या तसे फायलीत उतरतात. ती फाईल चांगल्या एडिटरमध्ये उघडली की मराठी वाचता येते. नाही आली तर इथेच थांबा. आली तर टेबलांच्या व्याख्येत जिथे जिथे लॅटिन-१ लिहिलंय तिथे यूटीएफ-८-एमबी-४ (मायएसक्यूएलचा पूर्ण यूटीएफ-८) करा आणि नव्या जागी त्याच तक्त्याने आत घ्या. ‘कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट’ ही आज्ञा मात्र थेट चालवू नका. नाव मोहक आहे, पण ती गिचमिडालाच खरं मानून पक्कं करते.

जुनी जागा बंद झाली असेल आणि हाती फक्त बिघडलेली प्रत असेल, तर उलटा प्रवास मायएसक्यूएलच्या आतच करा: आधी लॅटिन-१ मध्ये रूपांतर, मग ते बायनरी म्हणून धरायचं, मग यूटीएफ-८-एमबी-४ म्हणून वाचायचं. तिन्ही पायऱ्या एकाच ओळीच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, बसतात. आधी दोन-चार लेखांवर सिलेक्ट करून बघा, पटलं तर अपडेट करा.

आतच का, याचं कारण नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त कायमचं नुकसान इथेच होतं. लोक गिचमिड ब्राउझरमधून कॉपी करतात, कुठल्या तरी ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकतात, मराठी बाहेर येते आणि आनंदीआनंद होतो. पण विंडोजच्या लॅटिन तक्त्यात पाच बाइटना काही अर्थच दिलेला नाही. मायएसक्यूएल ते पाच सांभाळून ठेवतं. बाहेरची बरीच अवजारं टाकून देतात. आणि आपल्या दुर्दैवाने पहिला उकार, पाय मोडायची खूण, ए, ऐ आणि झ यांचे शेवटचे बाइट नेमके त्या पाचांतले. ‘ठ’चा शेवटचा बाइट लॅटिन तक्त्यात न तुटणारी मोकळी जागा आहे, एडिटर ती साधी मोकळी जागा करून टाकतो. ‘भ’चा शेवटचा बाइट अदृश्य संयोगरेघ आहे, ती कॉपी करताना गळते. म्हणजे ‘मराठवाडा’ शब्दातला ठच जातो. दुरुस्त झालेल्या साइटवर जोडाक्षरं सुटी झालेली, उकार गायब, ‘भाऊ’च्या जागी ‘ाऊ’ असं काही दिसलं, तर कुणीतरी कन्व्हर्टर वापरलाय हे न विचारता कळतं. असा मजकूर यंत्राने परत येत नाही. एक तर मूळ प्रत शोधायची, नाहीतर बसून वाचत दुरुस्त करायचं.

आता नवा लेख का लिहू नका, ते. हलवल्यानंतर महिनाभर तुम्ही नव्या जागी लिहीत राहिलात तर जुने लेख बिघडलेले आणि नवे शुद्ध, असं मिश्रण एकाच टेबलात होतं. मग सरसकट क्वेरी चालवली की जुने सुधारतात आणि नवे जातात. असं मिश्रण झालंच असेल तर लेखाच्या क्रमांकावरून हद्द ठरवा आणि तेवढ्यावरच क्वेरी चालवा. जुना लेख नव्या जागी उघडून मधेच एखादी ओळ दुरुस्त केली असेल तर एकाच लेखात दोन्ही असतं; ते हातानेच.

प्रश्नचिन्हं

‘बीड’च्या जागी बरोबर तीन प्रश्नचिन्हं दिसत असतील आणि डेटाबेसमध्येही तीच असतील, तर तो मजकूर गेला. शुद्ध यूटीएफ-८ लॅटिन-१ च्या टेबलात भरायला गेलं की सर्व्हरला ती चिन्हं ठेवायला जागा सापडत नाही आणि तो प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहितो. त्यातून काही उलटं काढता येत नाही. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुनं पान सापडतं का बघा, ईमेलने लेख जायचे असतील तर कुणाच्या तरी मेलबॉक्समध्ये ते पडलेले असतात, आणि जुन्या लॅपटॉपवरचे कच्चे मसुदे धुंडाळा.

डेटाबेसच्या बाहेरही हेच घडतं. विंडोजच्या नोटपॅडमध्ये २०१९ पर्यंत ठरीव प्रकार ‘आन्सी’, म्हणजे विंडोजचा जुना तक्ता, असायचा. तिथे मराठी फाईल इशारा न वाचता सेव्ह केली की प्रश्नचिन्हं. एक्सेलची गंमत वेगळी. लेखांची यादी सीएसव्हीमध्ये काढायची, एक्सेलमध्ये दोन टिचक्या मारून उघडायची, गिचमिड दिसलं तरी दोन रकाने बदलून सेव्ह करायची, आणि तीच फाईल आत घ्यायची! लिब्रेऑफिस उघडतानाच तक्ता विचारतं, मी अशा फायली तिथेच उघडतो.

चौकोन दिसत असतील तर मजकूर ठीक आहे, फॉन्ट नाही. नव्या थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल. मुक्त, बलू, नोटो यांतलं काहीही लावा. सोबत पानाची भाषा मराठी सांगितली आहे का तेही बघा. थीम बदलताना ती गुपचूप इंग्रजी किंवा हिंदी होते, आणि मग ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत तो ल आणि श हिंदीच्या वळणाचे दाखवतो. वाचणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही.

लेख अर्ध्यात, नेमका स्मायलीपाशी तुटत असेल तर ते दुखणं तक्त्याचं आहे. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ-८’ तीनच बाइटचा होता. देवनागरी त्यात बसते, इमोजी चार बाइटचा असल्याने बसत नाही, आणि ढिल्या सेटिंगवर त्याच्यापुढचं सगळं कापलं जातं. वर्डप्रेस २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीपासून चार बाइटच्या तक्त्यावर गेलं.

फॉन्टच्या काळातला मजकूर

युनिकोडच्या आधी किंवा युनिकोड येऊनही त्याकडे कानाडोळा करत लिहिलेलं ज्यांच्याकडे आहे, त्यांचं दुखणं वेगळं. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, सी-डॅकच्या आयएसएमचे फॉन्ट यांत टाइप केलेला मजकूर मुळात रोमन अक्षरांचाच असतो. फॉन्ट त्या अक्षरांना मराठीचा वेश चढवतो. फॉन्ट गेला की स्वल्पविराम, कंस आणि रोमन अक्षरांची खिचडी उरते. वरच्या कुठल्याही क्वेरीने हे सुधारत नाही. इथे कन्व्हर्टर लागतोच, आणि तोही त्याच फॉन्टचा. एका घराण्यातल्या दोन फॉन्टचे तक्तेही सारखे असतीलच असं नाही.

म्हणून हलवण्याआधी जुन्या एचटीएमएलमधला फॉन्ट टॅग वाचून फॉन्टचं नाव लिहून ठेवा. नव्या प्लॅटफॉर्मचा एडिटर असले टॅग ‘साफ’ करून टाकतो आणि मजकूर कुठल्या फॉन्टचा होता याचा एकमेव पुरावा जातो. कन्व्हर्ट केल्यावर पहिली वेलांटी आणि रफार तपासा. फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींची जागा उलट. जोडाक्षरावर वेलांटी असेल, ‘स्थिती’सारखी, तर कच्चा कन्व्हर्टर तिथेच सापडतो.

बालाघाटचा दर्या

हे दुखणं छोटं, पण मला सर्वांत जास्त छळणारं. ‘दऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतं. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि त्याचा पाय मोडलेला. दुसरा जुना प्रकार, साधा र, पाय मोडलेला, आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. दिसायला दोन्ही सारखे. साइट हलवताना एखादी स्क्रिप्ट ‘अदृश्य कचरा’ काढून टाकते आणि दुसऱ्या प्रकारातला ‘र’ थेट रफार होतो. बालाघाटच्या दऱ्यांवर लिहिलेल्या लेखात दर्या उसळायला लागतो. बीड जिल्ह्याला समुद्र मिळाला तर कुणाला नको आहे, पण ‘शेतकर्यांच्या’, ‘दुसर्या’, ‘पायर्या’ असं पानभर दिसलं की वाचवत नाही. बारवेवरच्या लेखात पायऱ्या किती वेळा येतात ते सांगायला नको.

हलवण्याआधी जुन्या जागीच र, पाय आणि जोडचिन्ह हा क्रम शोधून त्याजागी ऱ आणि पाय घाला. मग जोडचिन्ह गेलं तरी फरक पडत नाही. तसंच ‘ॲ’चं. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं. त्याआधी अ, जोडचिन्ह आणि अर्धचंद्र असं लिहायचे. तेही बदलून घ्या. नाहीतर शोधाच्या खिडकीत ‘ॲप’ टाकलं की अर्धेच लेख सापडतात. जोडचिन्ह आधीच गेलं असेल तर सगळे ‘र्य’ शोधून एकेक बघावे लागतात, कारण सूर्य, कार्य, धैर्य यांना हात लावायचा नाही. ‘कर्यां’, ‘सर्या’, ‘यर्या’ असे तुकडे शोधले तर काम पुष्कळ हलकं होतं.

पत्ते

मजकूर सुधारला तरी जुन्या लिंका मरतात, आणि ते कळायला महिने जातात.

वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला २०० जागा देतं. मराठी अक्षर पत्त्यात गेलं की टक्क्याच्या खुणांसकट त्याच्या ९ जागा होतात, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं मावतात, काना-मात्रा धरून. ‘अंबाजोगाईच्या हत्तीखान्याच्या लेण्या’ या शीर्षकाचा पत्ता ‘अंबाजोगाईच्या-हत्तीखान्’ इथे, पाय मोडलेल्या न वर तुटतो. नवा प्लॅटफॉर्म पूर्ण शीर्षकाचा पत्ता बनवतो, तो जुन्याशी जुळत नाही. ब्लॉगर त्याहून कंजूष. शीर्षक पूर्ण मराठी असेल तर तो पत्त्यात ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि आकडा एवढंच लिहितो. काही स्क्रिप्टा तर मात्रांना अक्षरच मानत नाहीत. पायथन भाषेतल्या नेहमीच्या रेजेक्समध्ये, म्हणजे मजकूर शोधायच्या नमुन्यांत, ‘शब्दातलं अक्षर’ या खुणेत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार येत नाहीत, आणि अंबाजोगाईची ‘अबजगई’ होते, बीडचं ‘बड’.

माझं मत स्पष्ट आहे: मजकूर मराठीत, पत्ता छोटा आणि रोमन लिपीत. मराठी पत्ता ब्राउझरच्या पट्टीत छान दिसतो, पण व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्यांची आगगाडी होते, आणि ती बघून गावाकडचा माणूस फसवणुकीची लिंक समजून पुढे जातो. हे सगळ्यांना पटत नाही, माहीत आहे. मात्र आहेत ते मराठी पत्ते आता बदलू नका. जुना पत्ता एका रकान्यात आणि नवा दुसऱ्यात अशी यादी करा आणि ३०१ चा कायमचा वळसा लावा. वेब सर्व्हर अपाची असेल तर त्यावर नियम लिहिताना टक्क्यांची भाषा नको. तिथे नियम उलगडलेल्या पत्त्याशी ताडला जातो, त्यामुळे नियमात सरळ देवनागरी लिहा आणि फाईल यूटीएफ-८ मध्ये ठेवा.

पत्त्यात वर्ष-महिना असेल तर मजकूर आत घेण्याआधी नव्या साइटची घड्याळाची वेळ कोलकाता करा. १ जानेवारीला पहाटे दोनला टाकलेला लेख जागतिक वेळेत आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला रात्री साडेआठचा असतो. महिना बदलतो, वर्ष बदलतं, लिंक जाते.

आणि आता खास आपल्याकडचं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा बऱ्याच जणांनी साइटवरचे वर्ग, टॅग, विजेट सगळं एका फटक्यात शोधून-बदलून टाकलं. त्यातून दोन बिघाड झाले, जे अजून निघतायत. वर्डप्रेस लेखाचा जुना पत्ता लक्षात ठेवून वळवतं, वर्गाचा आणि टॅगचा नाही. तिथे वळसा हाताने लावावा लागतो. दुसरा जास्त फसवा. विजेट आणि थीमच्या सेटिंग डेटाबेसमध्ये लांबीसकट साठवलेल्या असतात: अमुक बाइटचा मजकूर, आणि पुढे तो मजकूर. ‘औरंगाबाद’ २४ बाइटचं, ‘छत्रपती संभाजीनगर’ ४९ चं. साध्या क्वेरीने मजकूर बदलला आणि आकडा २४ च राहिला की पूर्ण विजेट गायब. डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेसला टाइप करून आज्ञा द्यायचं अवजार) यातली शोध-बदल आज्ञा लांबीही दुरुस्त करते, तीच वापरा. डोमेन बदलताना किंवा एचटीटीपीएसवर जाताना मेनू उडतो, तोही याच कारणाने.

जुन्या लेखांच्या मजकुरातलं नाव मी बदलत नाही. लेख लिहिला त्या दिवशी कागदोपत्री नाव तेच होतं, आणि बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे हे शोध-बदल आज्ञेला ठाऊक नसतं. वर्गाचं दिसणारं नाव नवं, पत्ता जुनाच, आणि वर्णनात दोन्ही नावं, म्हणजे कुठल्याही नावाने शोधणारा पोचतो.

अर्धवट उतरलेला डेटाबेस

कधी मराठीचा दोष नसतोच. मोठी डेटाबेस फाईल ब्राउझरमधून पीएचपी-मायॲडमिनला चढवताना मधे लाईट जाते, राउटर बंद पडतो आणि टेबलं अर्धी उतरतात. शेवटचे लेख नाहीत, टॅग नाहीत, साइट तरी उघडते. फाईल आधी सर्व्हरवर चढवून तिथूनच आत घ्या, आणि जुन्या-नव्या प्रत्येक टेबलातल्या ओळींची संख्या ताडा. मायएसक्यूएल ८ वरून मारियाडीबी या त्याच्या भाऊबंद डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीवर जाताना ‘कोलेशन ओळखीचं नाही’ म्हणून आयात अडली, तर फायलीतलं ०९०० असलेलं कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम लावायचा नियम, बदलून यूटीएफ-८-एमबी-४ चं युनिकोड कोलेशन करा. काम पुढे सरकतं.

पुढच्या वेळी हलवण्याआधी जुन्या जागेवर एक चाचणीचा लेख ठेवा. त्याच्या शीर्षकात आणि मजकुरात हे वाक्य टाका: ‘ऐन दुपारी एका झाडाखाली ठेवलेल्या भुईमुगाच्या पोत्यांकडे बघत शेतकऱ्याने ॲपवरचा भाव सांगितला.’ गळणारी जवळजवळ सगळी अक्षरं यात आहेत. मागे एक इमोजी आणि त्याच्यापुढे आणखी एक ओळ लिहा. ‘शेतकऱ्याने’ दुसऱ्यांदा जुन्या, जोडचिन्हाच्या पद्धतीने लिहा. मग निर्यात करा, नव्या जागी तात्पुरत्या पत्त्यावर आत घ्या, आणि पान उघडून वाचा, शोधून बघा, लिंक दुसऱ्या फोनवरून उघडा. भुईमुगाचा ‘भईमग’ झाला, इमोजीनंतरची ओळ गेली किंवा ‘शेतकर्याने’ दिसलं, तर डोमेन वळवू नका, जुन्या होस्टिंगचे आणखी एका महिन्याचे पैसे भरा आणि वर सांगितलेल्या त्या त्या दुखण्यापासून सुरुवात करा.